पडद्यामागची खिडकी

"ब्रश किती?"

खोलीत शिरताच त्यांचा पहिला प्रश्न हा. दुबई पालिकेचे इन्स्पेक्टर, मूळचे रत्नागिरीचे. आमच्या लेबर कॅम्पच्या खोल्या राहण्याजोग्या आहेत का, ते तपासायला यायचे. त्या दिवशी आम्ही निम्मी माणसं बसमध्ये घालून भटकायला धाडायचो. 'आम्ही' म्हणजे कंपनी; पण बस मागवणारा कॅम्पचा क्लार्क मीच. ते माणसं मोजतच नसत. दात घासायचे ब्रश मोजत.

"सात माणसं नि चौदा ब्रश? काय हो पुणेकर, एकेकाला दोन तोंडं आहेत काय?"

बारा नंबरच्या खोलीला खिडकीच नव्हती. 'खिडकी पाडा, नाहीतर खोली सील,' असं त्यांनी तीनदा लिहिलं. तिन्ही कागद मी मॅनेजरपुढे ठेवले. तो म्हणाला, "इन्शाल्ला." तुम्हीही नोकऱ्या केल्या आहेत, साहेबाच्या इन्शाल्लाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

चौथ्या खेपेला खिडकी होती. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, फुलाफुलांचा पडदा. त्यांनी पडदा सारला, तर मागे सलग भिंत. चौकट भिंतीवर नुसती ठोकलेली! मला हसू आलं आणि लाजही वाटली. ते हसले नाहीत.

"हवा कुठून येणार, हबीबी? फुलांतून?"

मग मंदी आली. दुबईतली टॉवरची कामं थांबली, मॅनेजर न सांगता पसार झाला. बारा नंबरची चौदा माणसं घरी जायच्या तिकिटांची वाट बघत बसून राहिली. इन्स्पेक्टर शेवटच्या तपासणीला आले. आता 'अयोग्य' लिहिलं की खोलीला त्याच दिवशी सील.

"मग ही जातील कुठं?"

"बाकीच्या खोल्या भरल्यात, साहेब. रस्त्यावर."

चौदाही जण समोर उभे होते. लपवायला बस नव्हती. इन्स्पेक्टरांनी ब्रश विचारले नाहीत. पडदा नीट ओढून घेतला, म्हणाले, "खिडकी आहे," आणि 'योग्य'वर सही केली. मला भयंकर चीड आली, त्यांची नव्हे, माझीच. तीन कागद पोचवून मी हात झटकले होते.

महिन्याभरात ते राजीनामा देऊन गावी गेले. हळूहळू तिकिटं आली, ते चौदा जणही गेले. कॅम्प दुसऱ्या कंपनीने घेतला, माझ्यासकट. बारा नंबरमध्ये नवे चौदा आले.

नवा इन्स्पेक्टर आला तेव्हा मी स्वतःच म्हणालो, "साहेब, बारा नंबर जरा अंदरसे देखो."

त्याने दारावर चिकटवलेल्या 'योग्य'च्या कागदावरची सही वाचली.

"उनका साइन है? वो तो ब्रश तक गिनते थे. फिर क्या देखना? खलास."

आणि तो तेरा नंबरकडे वळला.