सात कोटींची शेपटी

सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. आमच्या अंबडच्या घरात ही संख्या घरच्या माणसासारखी वावरली. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि या संख्येवर त्यांचा भारी जीव.

७३९३९१३३ ही मूळ संख्या. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली, तर कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही. एवढ्याने काही विशेष नाही, अशा संख्या अगणित आहेत. पण हिचा शेवटचा अंक खोडा. उरलेली ७३९३९१३ तीही मूळ. आणखी एक खोडा, तीही मूळ. खोडत खोडत एकट्या सातापर्यंत या, ती मोडत नाही. "कितीबी शेपूट तोड, जित्तीच राह्यती," बाबा म्हणायचे. आणि कितीही पुढे मोजत जा, या गुणाची हिच्याहून मोठी संख्या नाहीच. संख्यांना अंत नाही आणि ही रांग मात्र इथे संपते! मी स्वतः गणित शिकवते, मला हे पडताळता येतं, तरी अंगावर काटा येतोच.

गेल्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. किती समजतं ते आत्ताच सांगता येणार नाही, असं जालन्याचे डॉक्टर म्हणाले. काकांना मात्र लगेच सांगता आलं. "दादाला आता काई कळून न्हाई राह्यलं," ते बाबांच्या उशाशीच उभं राहून म्हणाले. मला इतका राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण तीच भीती माझ्याही पोटात होती. बाबा आत आहेत की नाहीत, एवढंच मला कळायला हवं होतं.

एका सकाळी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि मांडीवर पाटी ठेवली. सात लिहिला, पुढे तीन, पुढे नऊ. ते अंक बघत होते की नुसतेच त्या दिशेला डोळे होते, कळेना. आठही अंक झाले, काही नाही. मला रडू यायला लागलं आणि त्या चिडीत मी त्या आठांच्या पुढे एकाचा अंक ठोकून दिला.

बाबांचा डावा हात हळूहळू उचलला गेला. अंगठ्याने त्यांनी तो एक पुसला. फक्त तोच.

आठ अंकांची बेरीज अडतीस. एक लावला की एकोणचाळीस, म्हणजे तिनाने भाग जातो, संख्या मोडते. मी आईला हाक मारली.

"हात आपसूक हलला असंल," ती दारातूनच म्हणाली. उगाच आशा लावून घ्यायची तिची तयारी नव्हती.

मी सात लावला. बेरीज पंचेचाळीस, पुन्हा तिनाने भाग. अंगठा आला, सात गेला, आधीचे आठ अंक जागच्या जागी. आई हात पुसत जवळ येऊन बसली.

"जे लिहिशील ते पुसून राह्यले असतील," ती म्हणाली, पण आवाज बदलला होता.

मग घाईघाईत मी दोन लिहिला. शेवटी दोन! सम संख्या, ती मूळ नाही हे शाळेतलं पोरही सांगेल!

तो बाबांनी पुसला नाही. त्यांनी पाटीवरून नजर वर उचलली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या पदवीची, नोकरीची, सगळ्याची मला लाज वाटली. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

आई पदराने डोळे टिपत होती. आजारपण सुरू झाल्यापासून ती त्यांच्याबद्दल बोलायची. आज पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"अवो, चुकली पोरगी. त्याला इतके डोळे काय वटारता?"