पत्र्याचा डबा आणि दोन जादा बांगडे

मंडळी, आज कुडाळच्या बाजारात कॉलेजच्या दोन पोरींनी मला अडवलं. हातात पत्र्याचा डबा, त्यावर कागद: 'वादळात होड्या फुटलेल्या कुटुंबांसाठी.'

माझा अशा डब्यांवर विश्वास नाही. वादळ गेलं की डबे उगवतात. मी विचारलं, "मदत खंयच्या घरात देतलास? नावां सांगा."

एकीने कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. "कुणकेश्वरच्या बाजूक, काका. पण नावां सांगूची नाय असा ठरलाहा."

झालं, माझा संशय पक्का. "मगे मी पण काय देवचंय नाय," म्हणालो आणि निघालो.

ती मागून हळूच म्हणाली, "काका, त्यातल्यो दोघी हंयच मासे इकूक बसतत. त्येंची नावां भायर फुटली तर त्यो काय घेवच्यो नाय."

ती खरं बोलली की मला गप्प केलं, माझं अजून ठरत नाही. डब्यात मी काही टाकलं नाही.

पण माझी नेहमीची मासेवाली कुणकेश्वरचीच. 'घरच्या होडीचे मासे' असं ओरडून विकायची, हल्ली तसं म्हणत नाही. वाट्यावर दोन बांगडे जादा मागितले की दर वेळी भांडते. आज तिने ते मुकाट्याने पिशवीत टाकले, आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

ते बांगडे आता ओट्यावर आहेत. तुम्हीच सांगा, डब्यात काही न टाकता मी त्यातल्याच एका घरातून दोन बांगडे उचलून आणले का?