न हललेलं माप

कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे ‘सॅम्पल’ म्हणत. शिलाई मशिनांच्या रांगा संपल्या की काचेच्या दाराआड कटिंगची खोली होती. आत लांबच लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे साचे, आणि कोपऱ्यात एक बुटकी लाकडी चौकी. त्या चौकीवर उभं राहायचं, हे तिचं काम. पँट असो, फ्रॉक असो की कोट, नव्या तऱ्हेचा पहिला कपडा तिच्या अंगावर चढायचा. कटिंग मास्तर टाचण्या लावायचे, ती वाकायची, बसायची, हात वर करायची. ते माप पक्कं झालं की त्यावरून हजारो कपडे निघायचे. कुठकुठल्या बायका तिच्या कंबरेच्या हिशेबाने पोट आत ओढत असतील, कुणास ठाऊक.

दर सोमवारी सकाळी मास्तर टेप काढत. छाती, कंबर, नितंब, मांडी. मग टेप गळ्यात टाकून म्हणत, “सूतभर हललं नाही. शाब्बास.”

मास्तर तोंडाचे फटकळ. कुणाला चांगलं म्हणून त्यांनी कधी जीभ विटाळली नव्हती. त्यामुळे सोमवारची ही शाबासकी ती आठवडाभर पुरवून पुरवून खात असे. दुसरं फारसं काही ती खात नव्हतीच. सकाळी कोरा चहा, कारण भरल्या पोटाने फिटिंग बिघडतं. दुपारी उघडलेला डबा निम्मा शिलाईच्या बायकांत वाटला जायचा. संध्याकाळी बस सोडून लांबच्या रस्त्याने झपझप चालत घरी. तिला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. तिला ते चांगलं जमत होतं आणि त्याचा अभिमान होता, एवढंच.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाळी थांबली. आई घाबरली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्याच्या महिन्याला रक्त यायला लागलं आणि आईचा जीव भांड्यात पडला. वर्षभराने तिने गोळ्या सोडल्या, पाळी पुन्हा गेली. या वेळी तिने आईला सांगितलंच नाही. वहिनीला मात्र कळलं. घरात एकच न्हाणीघर असल्यावर किती दिवस लपणार?

“वन्सं, नशीब काढलंत,” वहिनी म्हणाली. “ना कटकट, ना पोटदुखी. आम्हालाही सांगा की कुठे मिळतं असलं नशीब.”

कारखान्यातही बायका एकमेकींना पॅड मागायच्या तेव्हा बटणं लावणारी मावशी हमखास ओरडायची, “सॅम्पलकडे मागू नका गं, त्या विहिरीला पाणी नाही.” सगळ्या हसायच्या. तीही हसायची. खरं सांगायचं तर तिला ते सोयीचंच वाटत होतं. पांढरे कपडे घालून दिवसभर उभं राहायचं म्हणजे ही एक काळजी कमी.

मग एक दिवस चौकीवरून उतरताना पाऊल दुखलं. पडली नाही, मुरगळलं नाही, रोजच्यासारखी उतरली इतकंच. काही आठवडे तिने तसंच रेटलं. शेवटी एक्स-रे काढला, तर पावलाच्या हाडाला तडा. हाडांच्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि विचारलं, “पाळी नियमित येते?”

तिला राग आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. “पाय दुखतोय माझा,” ती म्हणाली. डॉक्टरांनी वाद घातला नाही, हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

या बाई चष्मा कपाळावर चढवून बोलायच्या, सावकाश. रक्ताच्या तपासण्या झाल्या, दुसरे आजार नाहीत याची खात्री झाली, हाडांची घनता मोजली गेली. “वय अठ्ठावीस,” कागद बघत त्या म्हणाल्या, “आणि कणा साठीच्या बाईचा. पोटाला पुरेसं मिळेना की शरीर काटकसर करतं. पाळी हा त्याला पहिला वायफळ खर्च वाटतो. पण पाळीसोबत जे हार्मोन थांबतं, त्याच्यावर हाडं जगत असतात.”

“मधे गोळ्यांनी येत होती की.”

“त्या गोळ्यांनी रक्त आलं. आई खूश झाल्या. हाडांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही.”

त्यांनी चिकटपट्ट्या लिहून दिल्या. आठवड्यातून दोनदा बदलायच्या, ओटीपोटाखाली किंवा नितंबावर लावायच्या. हार्मोन कातडीतून आत जाणार. सोबत महिन्यातले काही दिवस एक वेगळी गोळी, शिवाय कॅल्शियम. “पण हा नुसता टेकू आहे. खरं औषध ताटात. वजन वाढायला हवं.”

तिने पट्ट्या घेतल्या आणि ताट तसंच ठेवलं. पट्टीने माप हलत नव्हतं, जेवणाने हललं असतं. आणि माप हललं की नोकरी गेली. चौकीवर उभं राहण्यापलीकडे तिला दुसरं येत तरी काय होतं? साप मरावा आणि काठीही मोडू नये, असा तिचा बेत.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. “गळक्या टाकीत पाणी भरतोय आपण. पाऊल भरून आलं. पुढचा तडा खुब्याला गेला तर काय करणार आहात?” त्या रात्री तिला भीती वाटली. सकाळी मात्र पुन्हा कोरा चहा.

सोमवारी मास्तरांनी नितंबावरून टेप फिरवला आणि तो पातळ कापडाखालच्या कशाला तरी अडकला. “हे काय लागलंय?”

“औषध आहे.”

“कशाचं?”

इतकी वर्षं अंगाला टेप लावणाऱ्या माणसापासून काय लपवायचं? तिने सांगून टाकलं. पाळी येत नाही. हाडं ठिसूळ झालीत. डॉक्टर खायला सांगतात, आणि खाल्लं तर माप बदलेल.

मास्तरांनी टेप बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “केव्हापासून?”

“इथे आले तेव्हापासूनच, जवळजवळ.”

“म्हणजे दर सोमवारी मी शाब्बास म्हणत होतो, ते याला?”

मास्तर स्टुलावर बसले. तिला त्यांची दया आली.

“डबा कुठाय?” त्यांनी विचारलं.

“फिटिंग झालं की खाते.”

“आत्ता खा.”

अंगात पांढरी सॅम्पल पँट होती. मास्तरांनी साच्याचा कागद तिच्या मांडीवर पसरला आणि पाठ फिरवून खडू घासत बसले. तिने चौकीवर बसून अख्खा डबा संपवला. शेवटचे घास जड गेले.

पुढच्या काही महिन्यांत माप हललं, आणि सूतभर नव्हे, चांगलं हललं. मालकीणबाई म्हणाल्या, दुसरी मुलगी बघा. मास्तर म्हणाले, “मुलगी नको. पुतळा करून घ्या हिच्या जुन्या मापाचा. त्याला पोट नाही आणि हाडंही नाहीत.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “इतकी वर्षं टाचण्या अंगावर घेतल्यास. आता लावायला शीक.”

पुतळा आला तेव्हा ती सवत आल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली. घरी जाऊन रडली. जुन्या पँटचं बटण लागेना म्हणून आणखी रडली. वहिनीने पँट काढून घेतली, शिलाई उसवून दिली आणि ताटात अंडं वाढलं. नशिबाची थट्टा तिने पुन्हा केली नाही. टेबलावरही सुरुवातीला तिची कात्री वाकडीच जायची आणि मास्तर आपल्या मूळ स्वभावावर आले होते.

हाडांची पुढची मोजणी थोडी बरी आली. फार नाही, पण घसरण थांबली होती. वजन टिकून आहे म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी पट्टी आणि ती महिन्याची गोळी थांबवली. “आता शरीर आपणहून काय करतंय ते बघू.”

एक महिना गेला, दुसरा गेला, काही नाही. आपलं शरीर रुसलं ते रुसलंच, असं ती धरून चालली होती.

मग एका दुपारी, तोंडात टाचण्या धरून ती पुतळ्याच्या कंबरेशी वाकलेली असताना तिला जाणवलं. तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, काचेचं दार ढकललं आणि शिलाईच्या रांगेत गेली.

“कुणाकडे पॅड आहे का?”

बटणं लावणाऱ्या मावशीने मान वर न करता विचारलं, “कुणाला हवंय?”

“मला.”

मावशीचं मशीन थांबलं. शेजारचंही थांबलं. मावशी तिच्याकडे बघत राहिली, पण विहिरीचं नाव काढलं नाही. खाली वाकून तिने पिशवी उघडली.

“दोन घे,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी लागतात.”