बेल नसलेला वर्ग

दुबईत अल बर्शातल्या आमच्या शाळेत ती बाई एकदाच आली. विशेष गरजा असलेल्या मुलांना सामावून घेण्याचे नियम कसे पाळायचे, हे शाळांना समजावणं तिचं काम. डोक्याला करडा स्कार्फ, बोलण्यात रत्नागिरीचा हेल. विचार करताना पेनाचं टोपण सारखं उघडमीट करायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझ्या दुसरीच्या वर्गातली एक मुलगी बेल वाजली की कान दाबून किंचाळायची. प्रिन्सिपल तिच्या आईवडिलांना दुसरी शाळा बघायला सांगणार होते.

ही बाई सकाळभर त्या मुलीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. बेल झाली, मुलगी किंचाळली. बाईने तिला हात लावला नाही, फक्त मान वर करून भिंतीवरचा स्पीकर बघत राहिली.

"या वर्गातली बेल बंद करा," तिने प्रिन्सिपलना सांगितलं.

"मग तास संपल्याचं मुलांना कळणार कसं?"

"टीचर सांगतील की." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "मॅडम, दरवेळी पोरीनंच कशाला बदलायचं? थोडं शाळेनं बदलावं."

बेल बंद झाली, तरी सगळं काही सुरळीत झालं नाही. मुलगी अजून कधीकधी टेबलाखाली जाऊन बसते. पण ती आमच्याच शाळेत आहे. तास संपला की मी "यल्ला, खलास" म्हणते, म्हणजे अरबीत "चला, संपलं".

परवा शिकवण्याच्या नादात मी घड्याळच पाहिलं नाही. तेव्हा तीच उठून उभी राहिली. "मिस, टाइम इज ओव्हर," ती म्हणाली, "यल्ला, खलास!"