आनंदा आहे ना!

कंटाळले हो मी! "केसचं काय झालं?" लालबागमध्ये जो तो हेच विचारतो. मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला बसले की बायका, जिन्यात शेजारी. म्हणून एकदाच सांगते.

आमचे हे, आनंदा, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला होते. क्रेनला सामान बांधायचं, उतरवायचं. महिनाभर तिकडे, मग घरी. सगळी गँग कोकणातली. गणपतीत प्रत्येकाला गावाला जायचं असतं. आमच्या घरी गणपती येत नाही, म्हणून पाळी संपली तरी दरवर्षी हेच थांबायचे. 'आनंदा आहे ना!' म्हणून बाकीचे हेलिकॉप्टरात बसायचे. असं थांबणं नियमात बसत नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. कंत्राटदाराच्या साहेबांनाही. तोंडी परवानगी तेच तर द्यायचे.

गेल्या गणपतीत गँगमधल्या विनीतच्या जागी थांबले आणि क्रेनची वायर तुटली. यांचा उजवा पंजा गेला.

मग टोलवाटोलवी सुरू. तेल एका कंपनीचं, क्रेन दुसरीची, माणसं कंत्राटदाराची. वायर वेळेवर तपासली नव्हती हे सगळ्यांना कबूल, पण ती तपासायची कोणी, ते कोणी बोलेना. शेवटी तिघांचं एका गोष्टीवर बरोबर जमलं. म्हणे, हा माणूस पाळी संपल्यावर स्वतःच्या मर्जीने थांबला, आमची जबाबदारी नाही. मेल्यांनो, मग त्याच्याकडून काम कशाला करून घेतलंत?

आमची वकील ऋग्वेदा, शिवाजी पार्कची पोर, म्हणाली, "काकू, साहेबांनीच थांबायला सांगितलं एवढं समोर आलं, की बाजू आपली." साहेब बोलले ते विनीतच्या समोर. बिचारा घरी येऊन रडला. "दादा, मी खरं सांगतो. नोकरी गेली तर गेली."

सुनावणीला आधी यांना उभं केलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुम्हाला कोणी थांबायला सांगितलं होतं का?" मी मनात म्हटलं, अहो, एवढंच बोला, देवा, यांना बोलू दे. हे विनीतकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही साहेब. मीच थांबलो."

झालं. ज्याची केस तोच असं म्हणाल्यावर विनीतला विचारायला काही उरलंच नाही. ऋग्वेदा डोक्याला हात लावून बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, हे काय केलंत?" हे दाराबाहेर काढलेल्या चपला शोधत होते.

घरी येऊन मी खूप तोंड सोडलं. "जगासाठी थांबलात, माझ्यासाठी एक शब्द निघाला नाही?"

"गो, त्येची पोरां ल्हान आसत," हे म्हणाले. "दोन घरां कशाक बुडवूची?"

यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं ठरवून मी आत गेले. पण शर्टाची बटणं काढायला मलाच बाहेर यावं लागलं.