'हप' कोण म्हणालं?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माणसांवरही फारसा नाही, असं बायको म्हणते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

मी मूळचा सोलापूरचा. विहिरीत उड्या मारत वाढलो आणि पुढे त्याच्यावरच पोट भरलं. सध्या शारजातल्या एका कॉलेजात डायव्हिंग कोच आहे, राहायला शेजारच्या अजमानला.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. नवी उडी शिकताना डायव्हर हवेत गरागरा फिरत असतो, पाणी कुठे अन् छत कुठे त्याला काही कळत नाही. तेव्हा काठावरून कोच ओरडतो – "हप!" ते ऐकलं की अंग उघडायचं आणि सरळ पाण्यात जायचं. लवकर उघडलं तर तोंडावर, उशिरा उघडलं तर पाठीवर... आणि उंचावरून पाणी दगडासारखं लागतं.

सेकंड इयरची ऋता अडीच कोलांट्या शिकत होती. आईवडील पुण्याचे, ती इथेच वाढलेली. तिची आई मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "सर, तिची मान तुमच्या हातात आहे." तेव्हापासून ती बोर्डवर चढली की मी दुसरीकडे कुठे बघतच नाही.

एका संध्याकाळी ऋताने उडी घेतली. मी ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात "हप!" ऐकू आलं. माझ्याच आवाजात, तोच सोलापुरी हेल. तिने अंग उघडलं आणि सुईसारखी पाण्यात गेली.

मी गर्रकन वळलो. पलीकडे माझा असिस्टंट बिनोय टॉवेल गोळा करत होता. केरळचा पोरगा, हुशार आहे. माझी नक्कल करून अख्ख्या टीमला हसवतो हे मला ठाऊक होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट यंदा संपतंय आणि त्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे, हेही. म्हणजे चोर सापडलाच की! त्याला ऑफिसात घेऊन हिंदीत चांगला झापला. त्याने आईची शपथ घेतली. मी म्हटलं, खलास, उद्यापासून माझ्या शेजारीच उभं राहायचं.

घरी बायको म्हणाली, "अहो, इको असेल. त्या पोराला उगाच कशाला छळता?"

इको आवाजाच्या नंतर येतो, आधी नाही. तिला ते पटलं नाही, मला तिचं पटलं नाही.

त्याच आठवड्यात बाहेर धुळीचं वादळ होतं आणि माझा घसा पार बसलेला. बिनोय माझ्या खांद्याला खांदा लावून उभा. ऋता बोर्डवरून सुटली, मी श्वास घेतला... आणि ठसकाच लागला. आवाज म्हणून फुटेना. ती हवेत फिरतेय आणि मी खोकतोय! घाबरलो, अक्षरशः घाबरलो.

"हप!"

स्वच्छ, खणखणीत, माझा आवाज. ऋताने अंग उघडलं आणि सरळ पाण्यात गेली. वर येऊन हसत म्हणाली, "परफेक्ट कॉल, सर!"

मी बिनोयकडे बघितलं. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. म्हणाला, "सर, मैंने तो सिर्फ आपकी खाँसी सुनी."

काठावर आमचा एक स्क्रीन असतो, उडी झाली की जरा वेळाने तीच उडी आवाजासकट त्यावर दिसते. तिघांनी बघितली. मी वाकून खोकतोय, बिनोयचं तोंड बंद, आणि ऋता अगदी वेळेवर अंग उघडतेय. 'हप' कुठेच नाही.

मी कॅमेरा तपासला, माइक तपासला, प्रेक्षकांच्या स्टँडमागे जाऊन खुर्च्यांखालीसुद्धा बघून आलो. बिनोयने शांतपणे विचारलं, "सर, अब भी मुझपे शक है?" मी म्हटलं, देखेंगे. दुसरं काय म्हणणार?

ही उडी बंद करू, असं मी ऋताला सांगून बघितलं. ऐकेना. "बट आय हर्ड यू, सर," एवढंच तिचं.

आता प्रत्येक उडीनंतर ती काठ धरून विचारते, "सर, वॉज दॅट यू?" मी हो म्हणतो. माझ्या त्या 'हो'वर ती पुन्हा बोर्डवर चढते.

मग सगळे गेले की मी स्क्रीनवर तिच्या उड्या पुन्हा लावतो आणि ती अंग उघडते त्या क्षणी माझं तोंड उघडं असतं का, ते बघतो.

बहुतेक वेळा असतं.