बाहेरून कुलूप

नाशकात घर असलं की पाहुण्यांना निमित्त शोधावं लागत नाही. त्र्यंबकला पूजा, पंचवटीत दर्शन, आणि परतीच्या एसटीला वेळ असला की आमच्याकडे चहा. आधी फोन करायची पद्धत नाही. कशाला करतील? मी घरीच असते, हे पार येवल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

याचा मला एवढा राग का यावा, असं आमच्या यांना वाटायचं. तर सांगते. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा माळा आवरताना त्याचा लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवाला. त्यातला एक बुटका माणूस उड्या मारत, आगीचे खड्डे चुकवत शेवटच्या किल्ल्यापर्यंत जातो. दुपारचं आवरून मी खेळायला बसायला लागले. डोक्यात दूध नाही, गॅस नाही, वीजबिल नाही. फक्त पुढची उडी. लग्न झाल्यापासून माझं डोकं असं माझ्या एकटीचं कधी नव्हतंच.

"मोबाइलवर खेळ ना," मुलगा म्हणाला. खेळून पाहिलं. उडी मारावी तर मध्येच साबणाची जाहिरात. ती संपतेय तोवर घरच्या ग्रुपवर कुणाच्या तरी नातवाचा डान्स. आग लागो त्या मोबाइलला!

माझ्या गेमची एकच अट होती. मध्ये बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे तो किल्ला मी कधी जिंकलेच नव्हते. एका रविवारी जिंकणार होते. किल्ल्याचा दरवाजा समोर दिसत होता, आणि बेल वाजली. यांची चुलत बहीण आणि तिचे यजमान, हातात प्रसादाच्या पिशव्या. हे उठले आणि भिंतीवरचं बटणच बंद केलं. पाहुणे आले की टीव्ही बंद करायचा, ही या घरची रीत. क्रिकेटची मॅच असली की मात्र ही रीत कुठे जाते कोण जाणे. तेव्हा पाहुण्यांनाच सोफ्यावर बसवून स्कोअर सांगतात.

मी चहा टाकला. आलं इतक्या जोरात ठेचलं की नणंदेने आत डोकावून पाहिलं. ते लोक गेल्यावर हे म्हणाले, "अगं, खेळच तर होता."

"मग मॅच काय असते?" मी म्हणाले, आणि सुटलेच. अर्ध्या ताटावरून उठले ते, पुस्तकं अर्धी राहिली ती, डोळा लागतोय तोच दार उघडायला गेले ते, सगळं काढलं. शेवटी यांनी विचारलं,

"मग मी काय करू?"

"पुढच्या रविवारी मित्राकडे जा. आणि जाताना बाहेरून कुलूप लावा."

लावलं त्यांनी. मी टीव्हीचा आवाज बंद केला, मोबाइल तूरडाळीच्या डब्यात टाकला आणि बसले. किल्ल्याच्या दरवाज्याशी पोचले तेव्हा बेल वाजलीच. यांचे येवल्याचे मामेभाऊ. आवाजावरून ओळखलं.

"कुलूप हाय वो," त्यांची बायको म्हणाली.

त्यांनी यांना फोन लावला, स्पीकरवर. "दादा, तुमच्या दारात उभे हाय आम्ही."

"अरे, घरी कोणी नाही आज," यांचा आवाज आला.

"अन् वहिनी?"

"ती पण नाही."

मामेभाऊ हसले. "वहिनी कुठं जाणार? त्यांना काय काम हाय?"

रागाच्या भरात मी बटण जरा आधीच दाबलं. उडी चुकली, बुटका खड्ड्यात गेला. शेवटचा एक जीव उरला. दार आतून बडवावं आणि काय काम आहे ते ओरडून सांगावं, असं वाटलं. बेल पुन्हा वाजली. मी उठले नाही.

किल्ला त्या दुपारी जिंकले. मग आलं ठेचून चहा टाकला, एकटीपुरता.